कॅलेंडरमधल्या घराचं छप्पर

दुपारचे दोन वाजले होते. नरसय्याकाकांच्या गच्चीवर पायात बूट असूनही मला एका जागी उभं राहवत नव्हतं. समोर स्लॅबवर दोन नमुने ठेवले होते. एक राखाडी शिंगल, दुसरा चायना मोझॅकचा तुकडा. फुटक्या पांढऱ्या टाइल्स सिमेंटात बसवून गच्चीवर जो थर करतात, तो चायना मोझॅक. माझ्या हातात टेम्परेचर गन होती. तिचा लाल ठिपका ज्या वस्तूवर पडतो, त्या वस्तूचं तापमान ती दाखवते.

मोझॅकवर ठिपका मारला. अठ्ठेचाळीस. शिंगलवर मारला. त्र्याहत्तर.

काकांनी डोक्यावरचा टॉवेल सारखा केला.

"मशीन नवीन हाय का जुनं?"

"नवीन आहे, काका."

"मग परत एकदा मारा की."

परत मारला. चौऱ्याहत्तर आला.

काकांनी वाकून आकडा स्वतः वाचला. त्यांच्या दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं कॅलेंडरचं पान होतं. आठ दिवसांपूर्वी तेच पान घेऊन ते आमच्या ऑफिसात आले होते. मी सोलापुरातल्या एका रूफिंग कॉन्ट्रॅक्टरकडे साइट इंजिनीअर आहे. पत्रे, शेड, गळक्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग, ही आमची रोजची भाकरी. त्या दिवशी काकांनी माझ्या टेबलावर ते पान ठेवलं आणि म्हणाले, "हे छप्पर पायजे. किती लागतील?"

पानावर परदेशातलं एक घर होतं. उतरतं राखाडी छप्पर, पुढं हिरवळ, आणि बाजूला दोरीवर वाळत घातलेला निळ्या किनारीचा टॉवेल. काकांनी टॉवेलच्या कारखान्यात चौतीस वर्षं माग चालवला. त्यांचा माल परदेशी जायचा आणि तिकडचा व्यापारी दरवर्षी मॅनेजरच्या केबिनसाठी कॅलेंडर पाठवायचा. एका वर्षाअखेर मॅनेजर कॅलेंडर टाकून द्यायला निघाले, तेव्हा काकांनी हे पान मागून घेतलं.

"ह्यो टॉवेल माझ्या मागावरचा हाय," ते म्हणाले. "त्या साली निळी किनार आमच्याच खात्यात होती. टॉवेल तितं गेले. आमी काय गेलो न्हाय."

टॉवेल खरंच त्यांच्या मागावरचा होता का, कोण जाणे. मी वाद घातला नाही. त्यांना घराच्या अख्ख्या स्लॅबवर तसं छप्पर हवं होतं आणि त्याखाली एक खोली. रिटायर होताना मिळालेल्या पैशातला उरलेला भाग त्यांनी त्यासाठी बाजूला ठेवला होता. म्हातारपणासाठी काका-काकू दोघांजवळ तेवढाच होता.

आता शिंगल म्हणजे काय ते सांगतो. फायबरग्लासची जाळी डांबरात मुरवायची आणि वर दगडाची रंगीत बारीक कच बसवायची. हाताला तो जाड सँडपेपरसारखा लागतो. माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक तुकडे बसवत जायचं. किमतीचं विचाराल तर नुसता शिंगल चांगल्या पत्र्याहून फार महाग नाही. पण शिंगल स्वतःच्या जिवावर उभा राहत नाही. त्याच्याखाली प्लायवूड लागतं, प्लायवूडवर पाणी अडवणारा मेंब्रेन लागतो, सगळ्याच्या खाली लोखंडी सांगाडा लागतो. आणि आपल्यासारख्या गावात आणखी एक गोष्ट लागते. छप्पर आणि खोलीचं सीलिंग यांच्यामध्ये वारा खेळायला पोकळी, खालून हवा आत घ्यायला जाळी आणि वर आढ्याला ती बाहेर सोडायला जागा. हे केलं नाही तर खोलीची भट्टी होते आणि शिंगलही लवकर वाळून, मुडपून जातो. गिऱ्हाईक विचारतं शिंगलचा भाव. बिल होतं न दिसणाऱ्या गोष्टींचं.

हे सगळं धरून मी एस्टिमेट काढलं. ते काकांच्या पैशाच्या दुप्पट गेलं.

इथं मला एक कबूल करायला हवं. हे काम मलाच फार हवं होतं. बावीस वर्षं मी सोलापुरात पत्रे ठोकतोय. शिंगल बसवायला मिळतो तो महाबळेश्वरकडच्या हॉटेलांवर, वर्षातून एखाद्या वेळी. छप्पर पुरं झालं की मागं सरून बघावं, एवढं देखणं ते दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी आपली परतीची गाडी असते. आपल्या गावात, येता-जाता दिसेल असं एक तरी शिंगलचं छप्पर आपल्या हातून व्हावं, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं.

मालकांना एस्टिमेट दाखवलं.

"पार्टी तयार आहे?"

"छपराला तयार आहे. रकमेला नाही."

"मग ती हवेची भानगड काढून टाक. प्लाय पातळ घे. बसेल त्याच्या पैशात."

"खोली तापेल, सर."

"सोलापुरात काय तापत नाही?"

मी दुसरं एस्टिमेट केलं. खोटं कशाला सांगू, केलं. बॅगेत घालून काकांच्या घरीही घेऊन गेलो. पण जाताना नमुने आणि टेम्परेचर गनही घेतली. मन खात असलं की माणूस असली अवजारं बरोबर घेतो.

त्र्याहत्तरचा आकडा आला तेव्हा काकू, म्हणजे काकांच्या पत्नी राजम्मा, जिन्याच्या टोपीच्या सावलीत बसून वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होत्या. जिना गच्चीवर जिथं संपतो, तिथं त्याच्यावर जी छोटी खोली बांधतात तिला जिन्याची टोपी म्हणतात. काकू मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांना तुमीच सांगा की. उन्हाळाभर आमी स्लॅबवर झोपतो. छप्पर आलं की झोपायचं कुटं? त्या फोटूत?"

काकांनी हातातलं पान पुढं केलं. मग मला म्हणाले, "तिकडं ऊन पडत न्हाय का?"

"पडतं. आपल्यासारखी तापणारी गावं तिकडंही आहेत आणि तिथंही शिंगल टाकतात. पण त्यांच्या घरात एसी चालू असतो, छपराखाली हवेची सोय असते. एवढं करून कंपनी सांगते त्याच्या आधीच छप्पर बदलावं लागतं."

"मग आपल्याला न्हायच जमायचं म्हणा."

हे ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला वाईट वाटलं. बॅगेतलं एस्टिमेट बाहेर काढलं असतं तर त्यांनी तिथंच सही केली असती, आणि पुढच्या उन्हाळ्यात दोघं त्या खोलीत शिजले असते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काका, या घराच्या आत काय आहे?"

त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, जणू पहिल्यांदाच बघत होते.

"आतलं काय ठाऊक? फोटू भाईरनंच हाय की."

उन्हानं माझंही डोकं फिरलं होतं, म्हणून मी काकूंच्या शेजारी सावलीत जाऊन उभा राहिलो. मग वर बघितलं. जिन्याची टोपी. दहा बाय आठ. वरचा छोटा स्लॅब गळका, भिंतीवर ओल उतरलेली. तिच्यात कोणी राहत नाही. पायऱ्यांना उकडत नाही.

मी काकांना ती दाखवली. "छप्पर हिच्यावर करू. बाकी गच्ची मोझॅकनं पांढरी करू. काकूंची झोपायची जागा जाणार नाही."

"एवढं बारकं?"

"खाली चला. रस्त्यावरून बघा."

समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर आम्ही उभे राहिलो. तिथून घराची गच्ची दिसत नव्हती. कठड्याच्या वर फक्त जिन्याची टोपी दिसत होती, मागं मोकळं आभाळ. काकांनी पान हात लांब करून धरलं आणि एक डोळा मिटला. बराच वेळ तसेच उभे होते. दुकानदारानं मला खुणेनं विचारलं, काय चाललंय. मी मान हलवली.

"किनार जमंल," पानातलं छप्पर टोपीवर जुळवून बघत काका शेवटी म्हणाले.

काम मोजून पाच सकाळी चाललं. सहाला सुरू, नऊला बंद, कारण उन्हात शिंगल मऊ होतो आणि त्याच्यावर पाय दिला की कच निघून येते. एक चूक मी केलीच. शिंगलला डांबराची एक पट्टी असते. ऊन लागलं की ती धरते आणि तुकडे एकमेकांना चिकटतात. महाबळेश्वरला ती धरावी म्हणून आम्ही दिवसदिवस उन्हाची वाट बघतो. त्याच सवयीनं मी एक गठ्ठा गच्चीवर उघडा ठेवून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी त्याची एकच वडी झाली होती. मालकांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

मोझॅक धरून सगळा खर्च पहिल्या एस्टिमेटच्या पाचव्या हिश्श्यात बसला. मालक म्हणाले, "एवढ्याशा टोपीसाठी इतक्या चकरा?" मी म्हटलं, "हो." काका-काकूंची उरलेली रक्कम बँकेत राहिली.

महिन्याभरानं एका सकाळी त्या बाजूला काम निघालं. मुद्दाम गाडी वळवली. कठड्याच्या वर ते छोटंसं राखाडी छप्पर उभं होतं, आणि टोपीच्या भिंतीपासून खांबापर्यंत बांधलेल्या दोरीवर निळ्या किनारीचा टॉवेल वाळत होता. काका किराणा दुकानाच्या पायरीवर बसले होते.

"रोज सकाळी तितंच बसत्यात," काकू वरून म्हणाल्या. "सोताच्या घराकडं बघत. चा तितंच न्यावा लागतो."

मी काकांच्या शेजारी बसलो. "टॉवेल तोच का?"

"तसलाच. पर सेकंड हाय." त्यांच्या कारखान्यात दोष निघालेल्या मालाला सेकंड म्हणत. तो कामगारांना स्वस्तात मिळे. फर्स्ट जहाजात चढे. "चौतीस वर्सं फर्स्ट इणला, घरात एक न्हाय आला. ह्याचा एक धागा तुटलाय. पर तो तिकडच्या अंगाला हाय. हितनं दिसत न्हाय."

खरंच दिसत नव्हता. आम्ही चहा संपेपर्यंत बघत बसलो. सोलापुरातलं माझंही ते एकुलतं एक शिंगलचं छप्पर. त्या रस्त्यानं जाताना अजून गाडी आपोआप हळू होते.

तेव्हापासून छपराचं माप घ्यायच्या आधी मी गिऱ्हाईकाला एक प्रश्न विचारतो. तुम्ही या छपराखाली बसणार आहात, की त्याच्याकडे बघत बसणार आहात? दोन्हींचा दर वेगळा आहे.