झूम करून पाहिलेला बिबट्या

शिवाजीनगरहून एसटी सुटली तेव्हा माझ्या गळ्यात दोन डिजिटल कॅमेरे होते आणि त्यांतला एकही माझा नव्हता. छंदासाठी कॅमेरा घ्यायचा एवढंच ठरलं होतं. व्हिडिओचा घ्यावा की फोटोचा, यावर घरात दिवाळीपासून खल चालू होता. दुकानदार व्हिडिओच्या बाजूने होता. "सातशे पट झूम, साहेब. चंद्रावरचे खड्डे मोजा." माझं चंद्रावर काही काम नव्हतं. मेहुणा फोटोच्या बाजूने होता, कारण त्याने तोच घेतला होता. शेवटी त्याचा फोटोचा आणि ऑफिसातल्या एकाचा व्हिडिओचा असे दोन्ही उसने घेऊन मी पिंपरी पेंढारला निघालो. तिथे निवृत्ती असतो, कॉलेजच्या वसतिगृहातला माझा जुना सोबती.

मंचरला कांद्याच्या ट्रकांनी रस्ता अडवला होता. एक हमाल पाठीवर गोणी घेऊन खिडकीसमोरून चालला होता. मी फोटोच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. कॅमेऱ्याने विषय समजून घेतला, त्यावर विचार केला आणि मगच चित्र काढलं. तोवर हमाल निघून गेला होता.

"काय निघालं?" शेजारच्या आजोबांनी वाकून विचारलं.

"ट्रकचं चाक."

"झकास आलंय. टायर नवा दिसतोय."

आळेफाट्यावर निवृत्ती मोटारसायकल घेऊन उभा होता, पण नेहमीसारखा बोलेना. कारण घरी जेवताना कळलं. पानात मासवडी होती (नाव मासळीचं, आत मात्र तीळ, खोबरं आणि लसूण) आणि वाढताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्यांना वाघ दिसला व्हता, उसाच्या कडंला. गाव म्हणतंय कुत्रं व्हतं."

बिबट्याला इकडे वाघच म्हणतात.

"गाव न्हाई, चेअरमन म्हणतोय," निवृत्ती म्हणाला. "आन् पोरं मला बघून भुंकत्यात, राव. त्याचं बी काय न्हाई. पर बाया तितंच गवताला जात्यात. पिंजरा मागवावा म्हनलं, तर चेअरमन म्हणतो, कुत्र्यासाठी वनखातं पिंजरा देत न्हाई."

चेअरमन म्हणजे दूध सोसायटीचे. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, आणि मोबाइल दोन. एक वाजला की ते दुसऱ्याकडे बघत. सातशे पट झूम आल्याचं कळताच ते संध्याकाळी स्वतः शेतावर आले. "पावणं, कुत्र्याचा नीट फोटू काढा," म्हणाले. "फ्रेम करून निवृत्तीच्या वटीवर लावू."

आम्ही तिघे बांधावर उभे राहिलो. दिवस मावळता मावळता उसाच्या त्या टोकाला काहीतरी पिवळं हललं. मी व्हिडिओ सुरू करून झूम पार टोकाला नेला. तेवढ्यात अगदी जवळचाच ऊस खसखसला. यानंतर मी घराकडे थोडी घाई केली. चेअरमन जरा वेळाने आले आणि पाय मोकळे करून आलो म्हणाले. निवृत्ती सगळ्यांत शेवटी आला.

अंगणात टीव्ही मांडला. निम्मं गाव जमलं. पडद्यावर पिवळे आणि तपकिरी चौकोन आले, फरशी बसवल्यासारखे.

"ह्ये त्वांड."

"त्वांड न्हाई, शेपूट हाय त्ये."

"आरं, ऊसच हाय समदा!"

"कुत्रं!" चेअरमन उठले. "मी आधीच सांगितलं व्हतं." मागून एक पोरगं भुंकलं. निवृत्ती जमिनीकडे बघत बसला.

पण कॅमेरा बंद करायला मी विसरलो होतो. धावपळीत बोट लागून झूम मागे आला होता. चौकोन गेले आणि चित्र एकदम उलटं झालं. मी पळताना तो हातात लोंबकळत होता आणि मागचं टिपत होता. सगळ्या अंगणाने माना वाकड्या केल्या. बांधावर काठी धरून, उसाकडे तोंड करून निवृत्ती एकटा उभा होता. त्याच्या पाठीमागे विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर एक पांढरी आकृती हातापायांनी चढत होती. एक चप्पल खाली राहिली होती.



"चेअरमन," वहिनींनी पदर सावरत विचारलं, "कुत्र्याला येवढं भ्यायचं व्हय?"

"भ्यायला काय झालं?" चेअरमन गरजले. "वाघ कुठं गेला, त्ये वरून बघत व्हतो मी!"

तो शब्द त्यांनाही ऐकू आला असावा, पण उशिरा. मग अंगण जे हसलं, ते थांबवायला चहा करावा लागला. लोकांनी कॅमेऱ्यातली टेप उलटी फिरवायला लावली. चेअरमन पत्र्यावरून पाठमोरे उतरले, चप्पल पायात घातली आणि उलट पावलांनी निवृत्तीशेजारी येऊन उभे राहिले.

सकाळी त्यांनीच वनखात्याला फोन लावला, दोन्ही मोबाइलवरून. निवृत्तीने मला फाट्यावर सोडलं. वाटेत भुंकणारा तोच पोरगा भेटला. त्याने निवृत्तीला मुकाट्याने रामराम घातला.

परतीच्या एसटीत निवडीचा प्रश्न उरला नव्हता. आपण बघायला जातो ते बहुधा चौकोनच निघतं. बघण्यासारखं असतं ते पाठीमागे घडत असतं. दुकानात गेलो तर दुकानदार पुन्हा झूमवर आला.

"झूम राहू द्या," मी म्हटलं. "बंद करायला विसरलो तर किती वेळ चालतो, ते सांगा."