दाराबाहेरच्या चपला

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. माझ्या प्रबंधाचा विषय होता वंचितांचा चिवटपणा. रोह्याजवळच्या एका कातकरी वाडीवर मी दोन वर्षं जात होते, आणि प्रबंधातली सगळ्यात चिवट बाई होती सुगंधा. आजही व्याख्यान असलं की लोक तिच्याबद्दलच विचारतात. मी सांगते. छान सांगते, तोंडाला सवय झाली आहे. टाळ्या पडतात तेव्हा उठून पळावंसं वाटतं — पण पळणार कुठे?

एक गोष्ट मी दरवेळी गाळते.

दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक यायचा आणि वाडी वीटभट्टीवर निघायची. सुगंधा पोटुशी होती. गेल्या खेपेचं मूल भट्टीवरच गेलं होतं, म्हणून यंदा तिला जायचं नव्हतं. पण नवरा मुकादमाला शब्द देऊन बसलेला. ट्रक निघेपर्यंत तुझ्याकडे राहू दे, एवढंच तिने मागितलं. ये की, मी म्हटलं. मोठ्या तोंडाने.

ती आली. भर दुपारी, पूल ओलांडून, नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीपर्यंत चालत.

"ताई, हायस का गो?"

मी होते. आतून कडी लावलेली — आणि मी उठले नाही. का? मुकादम चिडला तर वाडीत पाय ठेवू देणार नाही, केलेलं सगळं काम पाण्यात जाईल... हो, हेच आलं मनात. तिचं पोट नाही आलं. ती पायरीवर बसली. तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. मी भिंतीला टेकून श्वास रोखून बसले होते, माझ्याच खोलीत चोरासारखी. बऱ्याच वेळाने ती गेली. मग ट्रकही गेला, तिला घेऊन. प्रबंधात मी लिहिलं, तिने तोही हंगाम निभावला.

पुढे गणपतीच्या आधी ती पेणच्या स्टँडवर भेटली. मूर्तींच्या कारखान्यात माती मळायला जात होती. कडेवर मूल नव्हतं. मी विचारलं नाही. तिनेच विचारलं, "त्या दिशी तू घरात नव्हतीस ना गो?"

"नव्हते," मी म्हटलं.

"तेच म्हटलं मी. चपला व्हत्या दारात... दुसऱ्या कुनाच्या असतील."

तेव्हा माझ्याकडे चपलांचा एकच जोड होता. दोन वर्षं मी तो तिच्याच अंगणात काढत होते.