तेविसाव्या ओळीवरची टिक

आमच्या जिल्ह्यात पाहुण्याची तारीख मिळाल्याशिवाय कुठलीही गोष्ट पुरी झाली असं मानत नाहीत. रस्ता होतो, त्यावरून उसाच्या गाड्या जाऊ लागतात, खड्डेही पडतात, आणि मग एक दिवस मांडव घालून त्या रस्त्याचं उद्घाटन होतं. हे सगळं जन्मभर बघूनसुद्धा आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ठरल्या दिवशी बाहेर पडेल असं मी धरून चाललो. मूर्खपणा माझाच.

मी कर्जत तालुक्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. जुनी हस्तलिखितं, प्रबंध, फोटो स्कॅन करून ठेवायचे आणि जगातल्या कुणालाही ते फुकट बघता यावेत, यासाठी एक सॉफ्टवेअर असतं. त्याच्यावर कुणाची मालकी नाही. ज्याला येतं तो त्यात भर घालतो, ज्याला हवं तो ते उचलून वापरतो. जिल्ह्यातल्या आम्ही सात ग्रंथपालांनी ते उचललं, मराठीत आणलं आणि आमची म्हणून एक आवृत्ती चालवायला घेतली. सातांपैकी तिघांना त्यातलं कळत होतं, दोघांना कळत असल्यासारखं बोलता येत होतं, आणि उरलेले दोघे पोह्यांसाठी यायचे. आमच्या गटाचे अध्यक्ष अर्थातच बोलता येणाऱ्यांपैकी.

नव्या आवृत्तीचं वेळापत्रक मी केलं होतं. काय काय घ्यायचं त्याची यादी, मग एक तारीख, जिच्यानंतर नवीन काहीही आत घ्यायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. त्या तारखेला मी कुलूप म्हणायचो. कुलपानंतर सगळ्यांनी चाचणीच्या प्रतीवर काम करून बघायचं, तक्त्यातली एकेक ओळ तपासून टिक करायची, आणि पाडव्याला आवृत्ती बाहेर. तीन पानी वेळापत्रक होतं. मला त्याचा फार अभिमान होता, आणि इतरांनी ते वाचलेलं नाही हेही मला पहिल्या बैठकीतच कळलं होतं.

पाडव्याच्या आधी अध्यक्षांचा फोन आला. "सर, पाडवा जमत नाही. साहेब बाहेर आहेत."

"साहेबांचं काय काम आहे त्यात?"

"मग बटण कोण दाबणार?"

बटण असं काही नसतंच. आवृत्ती बाहेर काढायची म्हणजे आमचा सर्व्हर सांभाळायला ठेवलेल्या बाईंनी शहरातल्या त्यांच्या खोलीत बसून दोन ओळी टाइप करायच्या. हे मी सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, मग बटण तयार करून घ्या. आणि खरोखर आमच्यातल्या एकानं आठ दिवस खपून, दाबलं की पडद्यावर फुगे उडतात असं बटण तयार केलं. याच गृहस्थांना शोधाच्या खिडकीतली एक चूक दुरुस्त करायला वर्षभर सवड झाली नव्हती.

तारीख पुढे गेली तसं माझं कुलूपही उघडलं. एकाला पहिल्या पानावर मान्यवरांचे फोटो हवे झाले. दुसऱ्याला अक्षरांची पट्टी सरकती हवी होती. तिसऱ्यांची सूचना अशी की संग्रह उघडताच कॉलेजचं गीत वाजावं. मध्यंतरी साहेब एकदा मोकळे सापडले, तर तो नेमका पितृपक्ष. सॉफ्टवेअरला पितर नसतात असं मी म्हणालो, त्यावर पोह्यांसाठी येणारे दोघेही दुखावले. शेवटी दसऱ्यानंतरचा दिवस ठरला.

या सगळ्याची मी यथेच्छ टिंगल करत असे, घरी बायकोपुढे आणि कॉलेजात चहावर. टिंगल करायचा मला हक्कही वाटत होता, कारण त्या नव्या आवृत्तीत एकच गोष्ट अशी होती जिची कुणाला तरी खरी गरज होती, आणि ती मी आणली होती. स्कॅन केलेल्या पानाच्या शेजारी टिपण लिहिता येणं. आणि ज्याला गरज होती तो माणूस दर बाजाराच्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसत होता.

ते मिरजगावच्या बाजूचे विहिरी खोदणारे मिस्त्री. सत्तरी ओलांडलेले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. उभ्या आयुष्यात त्यांनी या कोरड्या मुलखात जिथं जिथं विहीर खोदली, तिची नोंद वहीत केली होती. कुणाचं रान, किती परस खोलीवर मुरूम संपला, कातळ कुठे लागला, लाल गेरूचा थर कुठे, पाणी कुठल्या अंगानं आलं. अशा अकरा वह्या. पण चाचांना लिहिता येत होतं बेताचंच. गावाचं आणि शेतकऱ्याचं नाव सोडलं तर बाकी सगळं त्यांनी स्वतः बनवलेल्या खुणांत होतं. गोल, गोलात टिंब, आडव्या रेघा, कोंबडीच्या पायासारखं काहीतरी. त्या खुणा जगात एकाच माणसाला वाचता येत होत्या, आणि त्या माणसाला काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर येत नाही, उरलेलीही कधी जाईल सांगता येत नाही.

बोअर घेणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याकडे जायचा. वह्या कॉलेजला देताना त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, "ह्ये समद्यांना बघता येईल ना? पानी कुना एकाचं नसतंय."

मी हो म्हणालो आणि अकराही वह्या स्कॅन करून घेतल्या. मग बाजाराच्या दिवशी ते यायचे, भिंग डोळ्याला लावून पानावर नाक टेकवायचे आणि एकेक खूण सांगायचे. मी चाचणीच्या प्रतीवर टिपणं लिहून घ्यायचो. आवृत्ती पाडव्याला आली असती तर खऱ्या प्रतीवरच लिहिली असती. ती येईना, आणि चाचांच्या डोळ्यांना काही साहेबांची तारीख लागत नव्हती, म्हणून चाचणीच्या प्रतीवर. पहिल्या वहीला त्यांना एक भिंग पुरलं. सातव्या वहीला दोन लागली. अकराव्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी बराच वेळ मान खाली घालून ठेवली आणि मग म्हणाले, "झालं बगा. आता मला कागुद पांढराच दिसतुय."

मधेमधे ते जुन्या गोष्टी सांगायचे, मी टाइप करता करता अर्ध्या कानानं ऐकायचो. एक मात्र त्यांनी दोनतीनदा सांगितली होती. "सुरुंगाची वात पेटवायच्या आदी मी सोता हिरीत उतरून बगायचो. वरनं समदे वरडायचे, कुनी न्हाई खाली, पेटवा. तरी उतरायचो. मानसं लई घाईनं न्हाई म्हनत्यात." मी हसलो होतो आणि पुढची खूण विचारली होती.

आता त्या तक्त्याबद्दल सांगितलं पाहिजे. तपासणीचा तक्ता तीस ओळींचा होता, आणि आमच्याकडे तपासणी म्हणजे काय ते त्यात उत्तम दिसत होतं. दुसऱ्याच्या कामात चूक काढणं म्हणजे त्याच्याशी वाकडं घेणं. म्हणून कुणी चूक काढायची नाही. तू माझ्या ओळींवर टिक कर, मी तुझ्या ओळींवर करतो, जशी गैरहजर माणसाची सही बैठकीच्या वहीत केली जाते तशी. दसऱ्याआधी कुलूप पुन्हा लागलं त्याच दिवशी दुपारी चारच्या आत तीसपैकी सव्वीस ओळी हिरव्या झाल्या. गीत वाजतं का, तपासले, ठीक. शोध लागतो का, तपासले, ठीक. शोध लागत नव्हता हे मला माहीत होतं, मी ते दाखवलं, तेव्हा टिक करणारे गृहस्थ म्हणाले, "माझ्याकडे लागला होता." मी घरी येऊन तासभर त्यांच्या नावानं बोटं मोडली.

उरलेल्या चार ओळी माझ्या होत्या. त्यातली तेविसावी मीच लिहिली होती. चाचणीच्या प्रतीवरची टिपणं बाहेर काढून नव्या आवृत्तीत भरून बघावीत, ती टिकतात का तपासावं. कारण वेळापत्रकात पुढे असंही मीच लिहिलं होतं की प्रकाशनाच्या आदल्या सकाळी चाचणीची प्रत पुसून टाकायची, तिची दुसरी प्रत ठेवायची नाही, जागा अडते.

अध्यक्षांचा फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या वर्गावर होतो. "सर, तुमचंच तेवढं राहिलंय. तक्ता साहेबांच्या पीएला पाठवायचाय, पूर्ण हिरवा."

संध्याकाळी बघतो, असं मी मनात म्हटलं आणि मोबाईलवर चारही ओळी टिक केल्या. संध्याकाळी घरी पाहुणे होते.

आदल्या सकाळी सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंचा ग्रुपवर मेसेज आला. "वेळापत्रकाप्रमाणे चाचणीची प्रत पुसत आहे. कुणाचं काही राहिलंय का?" त्याखाली सात अंगठे आले. सातवा माझा. मी तेव्हा बटणावरून कुणाशी तरी वाद घालत होतो, हे मला पक्कं आठवतं. माझं वेळापत्रक संपूर्ण जिल्ह्यात एकाच व्यक्तीनं वाचलं होतं आणि एकाच व्यक्तीनं पाळलं, ती त्या बाई. तेवढं पाळणंच आम्हाला बुडवायला पुरलं.

समारंभ व्हायचा तसा झाला. साहेब दोन तास उशिरा आले. हार, नारळ, शाली. सॉफ्टवेअरला त्यांनी प्रत्येक वेळी वेगळं नाव दिलं. फुगे उडाले. मग मला पुढे बोलावून अध्यक्ष म्हणाले, आता आमचे सर आपल्याला एक अनमोल ठेवा दाखवतील. पहिल्या रांगेत, मान्यवरांच्या कडेला, इस्त्रीचा सदरा घालून चाचा बसले होते. त्यांना मीच आग्रहानं बोलावलं होतं.

मी पहिली वही उघडली. शेजारी चौकटीत आलं, या पानावर टिपण नाही. दुसरं पान. या पानावर टिपण नाही. मी भराभर पुढे गेलो, वही बदलली, तिथंही तेच. तेविसावी ओळ मला तिथंच, माईकसमोर आठवली.

सभागृहात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. भल्या मोठ्या पडद्यावर जुनी पिवळी पानं आणि कोंबडीच्या पायासारख्या खुणा दिसत होत्या, लोकांना तेवढं पुरे होतं. चाचांनी मान वर करून आवाजाच्या दिशेनं विचारलं, "दिसतंय का सर?"

मी म्हणालो, "दिसतंय चाचा."

टाळ्या झाल्या. बरोबरच्या लोकांना मी इतकी वर्षं खोटारडे, कामचोर, दिखाऊ म्हणत आलो. एका आंधळ्या झालेल्या माणसाला तो आंधळा आहे म्हणून फसवायची वेळ त्यांच्यातल्या कुणावर आली नव्हती. ती माझ्यावर आली आणि मला ते सहज जमलं.

मला तीन दिवस झोप आली नाही हे सांगायला बरं वाटतं, पण आली. चौथ्या दिवशी मात्र वह्या पिशवीत घालून मी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात बाजेवर बसले होते. मी सगळं सांगितलं. साहेब, पितृपक्ष, फुगे, अध्यक्षांचा फोन, हे सगळं आधी सांगितलं. टिक मी केली हे सगळ्यात शेवटी.

ते बाजेवर सावरून बसले. मग विचारलं, "तुमी सोता उतरून बगितलं न्हवतं तर."

"नाही, चाचा."

"व्हय." एवढंच म्हणाले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी ऋणी राहिलो असतो.

आतून चहा आला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. "पैली वही काडा. पैलं पान. खून कशी हाय ती हातावर काडून दावा."

मी त्यांच्या तळहातावर बोटानं पहिली खूण काढली. त्यांनी मान हलवली. पुन्हा काढली, जोर देऊन. "कळंना. पहार धरून धरून कातडं मेलंय," ते म्हणाले आणि सदऱ्याची बाही वर सारून हात उलटा केला. "हितं काडा, मनगटाच्या आत."

तिथली कातडी मऊ होती. मी गोल काढला, गोलात टिंब दिलं. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं.

"उगवतीचा झरा. बारमाही. ल्हिवा."

मी लॅपटॉप उघडला नाही. पिशवीत शाळेची शंभर पानी वही होती, तीत लिहिलं आणि पुढच्या खुणेसाठी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी ते सोडवून घेतलं.

"आदी वाचून दावा," ते म्हणाले. "मग फुडं."