लाकडी बैलाला आवतण

श्रावण सरत आला होता, तरी अकोला स्टेशनबाहेरचं ऊन पुण्याच्या मे महिन्याला लाजवील असं होतं. मी पुण्याहून आले होते, आणि माझी भाची रुचा आपल्या सात वर्षांच्या लेकीला, ईराला, घेऊन इंदूरच्या बसनं. दोघी झाडाखाली कचोरी खात उभ्या होत्या. ईराच्या हनुवटीवरून चटणी ओघळत होती. रुचाचा चेहरा मात्र परीक्षेला निघालेल्या मुलीसारखा होता.

परीक्षाच होती म्हणा. रुचा आणि तिचा नवरा प्रशांत वेगळे झाल्याला दोन वर्षं झाली. तो अमरावतीला, ही ईराला घेऊन इंदूरला नोकरीवर. आता ईराचा ताबा मिळावा म्हणून त्यानं अमरावतीच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला होता. राज्यं दोन, पोर एक, तर खटला चालवायचा कुणी? कायदा म्हणतो, मूल नेहमी जिथं राहतं तिथल्या न्यायालयानं. म्हणजे ईरा राहते कुठं हेच आधी ठरायचं होतं. अमरावती ठरली तर रुचाला दर तारखेला नोकरी टाकून धावत यावं लागणार, आणि पोर हातची जाईल ही धास्ती वेगळीच.

मूर्तिजापूरमार्गे अमरावतीची बस धरली. दोन्हीकडे कपाशी आणि तूर अंगात आल्यासारखी वाढलेली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोनाकडे चालल्या?"

"कोर्टात," मी म्हटलं.

"पोळ्याच्या टायमाले कोर्टात काहून जाता वं बाई?"

बाईंचं खरं ठरलं. त्या दिवशी आमचं प्रकरण निघालंच नाही आणि पोळा उरकल्यानंतरची तारीख मिळाली. मग काय, लॉजवर सामान टाकलं आणि गिला वडा (कढी-चटणीत भिजलेला वडा) खाऊन मनाची समजूत घातली. वडा झकास होता. रुचानं मात्र तो अर्धाच टाकला. वकिलांनी बजावलं होतं, "सुनावणीपर्यंत मुलीला सासरी मुक्कामाला नेऊ नका. उद्या समोरचे म्हणतील, बघा, ती इथंच राहते."

संध्याकाळी लॉजच्या दारात प्रशांतचे वडील उभे. आबा तिवशाकडचे शेतकरी, धोतर स्वच्छ, आवाज शेताच्या पार बांधापर्यंत पोचणारा. काखेत ईराचा लाकडी बैल होता. ती जन्मली तेव्हा त्यांनी गावच्या सुताराकडून करून घेतलेला, इंदूरला जाताना मागं राहिलेला.

रुचा उठून उभी राहिली. "आबा, मुक्कामाला नाही पाठवता येणार."

"मी मुक्कामाचं बोल्लोच नाई, सूनबाई. तुले तं काई मनतच नाई मी."

त्यांनी बैल टेबलावर ठेवला आणि खिशातल्या डबीतलं हळद-तूप त्याच्या खांद्यांना चोळलं. इकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना असं आवतण (जेवणाचं आमंत्रण) देतात. मग बैलाच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आता बैलाला आमंत्रण आलं, तर त्याच्या मालकिणीला कसं अडवायचं? रुचा कितीतरी दिवसांनी हसली. मला हा माणूस त्याच क्षणी आवडला.

दुसऱ्या दिवशी आबांच्या गावी गेलो. अंगणात काळ्या मातीनं माझी एक चप्पल ठेवून घेतली. पुरणपोळी इथं तुपाच्या वाटीत बुडवून खातात. चमच्यानं तूप घेणाऱ्या आम्हा पुणेकरांना ते बघूनच घाम फुटतो. प्रशांत ईराला भरवत राहिला. रुचानं मान वळवून घेतली, पण उठली नाही.

"दोन वर्स गप बसला अन् आता अर्ज करून राह्यला," आबा माझ्याकडे बघत म्हणाले. "बैल गेला अन् झोपा केला. पण इहीनबाई, पोरीवर जीव हाये त्याचा."

दिवस कलायच्या आत आम्ही लॉजवर परतलो.

तारखेच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी ईराला जवळ बोलावलं. "तू कुठं राहतेस बाळ?"

"इंदूरला," ईरा म्हणाली. "बैल इथं राहतो."

बाई किंचित हसल्या. शाळा, घर, मैत्रिणी सगळं इंदूरला, तेव्हा अर्ज तिकडच्या न्यायालयात करावा, असा हुकूम झाला. आम्हाला हवं तेच झालं होतं. प्रशांत खाली मान घालून बसलेला दिसला आणि मला वाईट वाटलं.

बसस्टँडवर आबा बैल पिशवीत घालून आले. ईरानं तो परत त्यांच्या हातात दिला. "आमच्या बिल्डिंगमध्ये पोळा भरत नाही." मग तिनं आबांना खाली वाकायला लावलं, तळहातानं त्यांचे दोन्ही खांदे चोळले आणि त्यांच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आबांनी उपरणं डोळ्यांना लावलं. रुचाचा हात बसच्या दांडीवर होता. ती मागं वळली.

"तारखेला याल तेव्हा मुक्कामालाच या, आबा."

मी पुण्यात परतले ती दुसऱ्याच्या चपला घालून. निकाल अजून लागायचा आहे आणि तो काय लागेल ते मला सांगता येणार नाही. प्रवासात मी पुष्कळ पंगतींना बसले, पण आवतण द्यावं कसं हे मी वऱ्हाडात शिकले. परवा इंदूरची पहिली तारीख झाली. रुचाचा फोन होता. आबा तुपाचा डबा घेऊन घरी उतरले होते. प्रशांत लॉजवर राहिला. जेवायला मात्र घरी आला.