तिरप्या धावपट्टीवरची सावली

मी विमान चालवायला शिकवतो. वारा, यंत्र आणि नकाशा, यांच्या पलीकडे कशावर विश्वास ठेवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मुरबाडजवळच्या मराठी शाळेत शिकलेलो, घरातला पहिला पदवीधर. कारण सापडेपर्यंत काही मान्य करू नये, असं आमच्या गुरुजींनी शिकवलेलं, त्यांचे उपकार आहेतच. म्हणून हे लिहायला दोन वर्षं लागली...

आठवडाभर मी बाहेरगावच्या विमानतळावर असतो. रविवारी ठाण्यात बाळकुमला एका सोसायटीच्या गच्चीवर विद्यार्थ्यांची उजळणी घेतो. खडूने दोन धावपट्ट्या आखायच्या, एक सरळ, दुसरी तिला तिरपी छेदणारी. मुलांनी हात पसरून, रेडिओवरची वाक्यं म्हणत त्यांच्याभोवती चालायचं. वाळवण घालायला येणाऱ्या काकू विचारायच्या, पोरं उडणार कधी म्हणून. पण शिकवायचं ते महत्त्वाचं असतं. आपण एका धावपट्टीवर उतरत असताना दुसरं कुणी दुसऱ्या धावपट्टीवर उतरत असू शकतं, आणि त्याचा रेडिओ बंदही असू शकतो.

कोपरहून येणारी माझी विद्यार्थिनी प्रणाली इथेच अडकलेली. वडील डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत, पोरगी अतिशय कष्टाळू. पण मराठी शाळेतून आलेल्या आम्हा लोकांची एक खोड असते. इंग्रजी वाक्य चुकू नये म्हणून ते पाठ करतो, आणि म्हणताना समोरचं दिसेनासं होतं. ज्या रविवारची ही गोष्ट, त्याच्या आधीच्या आठवड्यात उतरताना ती बिनचूक बोलत होती आणि तिरप्या धावपट्टीवर एक विमान धावायला लागलेलं. तिला दिसलंच नाही. कंट्रोल मी घेतले.

सोमवारी तिचं सोलो होतं, म्हणजे पहिलं एकटीचं उड्डाण. एकदा पुढे ढकललेलं. पुन्हा ढकललं तर ती बॅचमधून बाहेर जाणार होती. आणि परवानगीच्या कागदावर सही केली, तर वर तिच्या शेजारी मी नसणार होतो.

त्या रविवारी दुपारचे चार. ऊन मऊ झालेलं, खाडीकडून वारा येत होता, खालचा आवाज लांब लांब वाटत होता. दुसरा विद्यार्थी रोहन टाकीच्या पायरीवर बसलेला. प्रणाली हात पसरून सरळ धावपट्टीकडे वळली आणि म्हणू लागली, "रनवे टू-सेव्हन, फायनल..."

वाक्य अर्धंच राहिलं. हात तसेच पसरलेले, नजर डावीकडे.

"सर, थांबते मी," ती हळूच म्हणाली, मराठीत. "तो उतरतोय."

"काय गं, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक वर आलं काय?" रोहन हसला.

मला हसता आलं नाही. तिरप्या रेघेवरून एक सावली येत होती. माणसाएवढी, दोन पंखांची, अजिबात घाई नसलेली. मी वर पाहिलं, आकाश मोकळं होतं. मुंबईत उतरणारी विमानं इथून जातात, पण इतक्या उंचावरून की त्यांची अशी सावली पडतच नाही. आणि आम्हा तिघांच्या सावल्या पूर्वेकडे पडलेल्या... ही मात्र सूर्याच्या दिशेने लांबलेली होती, आणि पुढची कड जास्त गडद होती, जणू उजेड मागून येत होता. ती दोन्ही रेघांच्या फुलीवरून सरकली, कठड्यापाशी पोचली आणि विरून गेली.

रोहनला काहीच दिसलं नव्हतं. मी उजळणी तिथेच संपवली.

जिना उतरताना प्रणालीने विचारलं, "सर, सोलो पुढे ढकलणार ना? उगाच थांबले मी."

"उगाच नाही थांबलीस," मी म्हटलं. "मीपण पाहिलं."

तिथेच, जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली.

सोमवारी ती एकटी उडाली आणि सुखरूप उतरली. नंतर मी तीन रविवार चार वाजता गच्चीवर उभा राहिलो, आरसे, काचा, पतंग, सगळं तपासलं. काही हाती लागलं नाही. गुरुजींना सांगायला माझ्याकडे अजून कारण नाही. ती सही मात्र मी आजही मागे घेणार नाही.