दहावा बोल्ट

नवऱ्याशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले. तेही एका बोल्टबद्दल!

गुडगावात नव्या इमारती उठायला लागल्या आणि ह्यांना धंद्याचं खूळ लागलं. सुखाची सरकारी नोकरी सोडली, दिल्लीतलं आर. के. पुरमचं क्वार्टर सोडलं, जुनी डिझेल पिकअप घेतली आणि इमारतींना काचा पोचवायचं काम धरलं. आम्ही राहायलाही तिकडेच गेलो. घरासमोर मोकळा प्लॉट आणि पलीकडे इमारतीच्या पायाचे खांब जमिनीत ठोकणारं पायलिंगचं मशीन, दिवसभर धाड धाड. डोकं उठायचं नुसतं.

दुसऱ्या वर्षी गाडी तापायला लागली. एका सकाळी ह्यांनी ऑइलची पट्टी ओढून बघितली, तर ऑइल चहासारखं दुधाळ. त्यात पाणी उतरलं होतं. मिस्त्री म्हणाला, सिलिंडर हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, तडा गेलाय, नवं हेड टाकावं लागेल.

"मैं खुद कर लूँगा," हे म्हणाले. हौस दांडगी!

मिस्त्रीने बोल्ट मोजून कसायचा टॉर्क रेंच तेवढा उसना दिला. जाताना बजावलं, एक जरी बोल्ट ढिला राहिला तरी गाडी रस्त्यात उकळेल, आणि उकळलेली गाडी माणूस बघत नाही. मेल्याला चांगलं काही बोलवतच नाही, असं मी पुटपुटले.

रविवारी सकाळपासून आम्ही दोघं प्लॉटवर. जुनं हेड उतरवलं, नवं बसवलं. बोल्ट दहा. मधून सुरुवात करून कोपऱ्यांपर्यंत जायचं, आणि अशा तीन फेऱ्या. हवा तेवढा जोर लागला की रेंच 'टक' वाजतो, मग थांबायचं. तिसऱ्या फेरीत ह्यांचा खांदा धरला.

"द्या इकडे," मी म्हटलं.

"तुझ्याच्यानं व्हायचं नाही."

"बघाच तुम्ही!"

ओढणी कमरेला बांधली आणि उरलेले चार बोल्ट कसायला घेतले. हे पुस्तकात बघून क्रम सांगत होते. तीन बोल्ट 'टक' वाजले. दहावा वाजेचना. फिरतोय तो फिरतोच आहे, लोण्यात सुरी फिरावी तसा. मला कळलं. आतले आटे गेले होते. म्हणजे हेड पुन्हा उतरवा, इंजिन वर्कशॉपला न्या, सोमवारची काचांची खेप घालवा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ह्यांचंच म्हणणं खरं झालं असतं.

"वाजलं का?" पलीकडच्या मशीनच्या आवाजात हे ओरडले.

"वाजलं."

सोमवारी गाडी एका दमात सुरू झाली. "बघ, आपण दोघांनी केलं!" हे म्हणाले. मी हसले. लिहितानाही लाज वाटते. हे काचांना दोर बांधत होते तेव्हा शब्द अगदी ओठावर आला होता. अहो, थांबा, एवढंच तर म्हणायचं होतं. नाही म्हटलं. गाडी वळणावरून गेली आणि मी घरात येऊन आमटीत दोनदा मीठ घातलं.

दुपारी शेजारच्यांकडे फोन आला. मानेसरच्या वाटेवर गाडी उकळली, हे बॉनेट उघडून वाकले, आणि रेडिएटरचा पाइप फुटला. उकळतं पाणी थेट चेहऱ्यावर. उजवा डोळा गेला.

दीड महिन्याने मिस्त्रीने आमच्यासमोर इंजिन उघडलं. कोपऱ्यातला बोल्ट त्याने नुसत्या बोटांनी फिरवून बाहेर काढला आणि आमच्याकडे बघितलं.

"ये किसने कसा था?"

माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत हे म्हणाले, "मैंने."

घरी येताना रिक्षात मला रडू कोसळलं. "डोळा दुखतोय माझा, आणि रडतेस तू?" एवढंच बोलले. त्या बोल्टचं नाव ह्यांनी त्यानंतर कधी काढलं नाही, आणि मीही नाही. हेच डाचतं मला. एकदा भांडले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, तर सुटले असते मी.

पण त्या दिवसापासून आमच्या घरात एक नवीन गोष्ट सुरू झाली, ती आजही आहे. स्वयंपाक आटोपून मी गॅसचं बटण बंद करते, हात पुसत बाहेर येते. हे विचारतात, "बंद केलास?"

"केला," मी म्हणते.

मग हे उठतात, आत जातात आणि बटणाला हात लावून बघून येतात.