अ‍ॅपने कच्ची ठरवलेली पोरगी

नववीत गणितात तिच्या पासंगालाही कोणी पुरत नव्हतं, आणि अ‍ॅपने नेमकं तिलाच कच्चं ठरवलं.

बिरसी विमानतळाजवळच्या एका गावात मी गणित शिकवते. त्या वर्षी शाळेत ऑनलाइन शिकवणीचं नवं अ‍ॅप आलं. प्रशिक्षणात साहेब अगदी रंगात येऊन सांगत होते. मूल व्हिडिओ कुठे थांबवतं, कुठे मागे नेतं, उत्तर बरोबर देतं की चूक, सगळं क्लाऊडवर साठतं. मग डेटा मायनिंग त्यातून हुशार कोण, कच्चं कोण ते शोधतं आणि ज्याला जो झेपेल तोच धडा त्याला पाठवतं. मीही टाळ्या वाजवल्या. भरल्या वर्गात एकेकाकडे एवढं लक्ष माझ्याच्याने होत नव्हतं.

गोंदियाच्या अकरावी-बारावीच्या मोफत निवासी विज्ञान वर्गासाठी निवडही याच अ‍ॅपवरून होणार होती. आमच्या गावात दहावीपुढे शाळा नाही. तिच्या बाबांनी मला तोंडावर सांगितलं होतं, "निवड झाली तं शिकंल मॅडम, नाही तं दहावी बस."

फोन तिच्या मामाने दिलेला. फोन एक, पाहणाऱ्या चौघी, ती आणि तिच्या तीन मैत्रिणी. रोवणीत, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, साऱ्या आयांबरोबर भाताच्या बांधीत असायच्या, दुपारचं जेवण झालं की गावच्या तळ्याच्या, बोडीच्या पाळीवर बसायच्या, कारण नेटवर्क तिथेच मिळायचं. वरून पायलट शाळेचं विमान घरघरत गेलं की व्हिडिओ थांबवायचा. आणि रोवणीची रीत तिथेही चालायची. रोवणीत रांग सोडून कोणी एकटीने सरकत नाही. जिचा हात हळू, तिच्या वाट्याची रोपं, तिचे पऱ्हे, शेजारणी लावून देतात आणि मग साऱ्या मिळून सरकतात. तशीच ही एकेक धडा मैत्रिणींसाठी पुन्हा पुन्हा लावायची. प्रश्न आला की आधी जी सगळ्यात हळू तिला विचारायचं. ती चुकली तर तेच उत्तर दाबायचं, म्हणजे कुठे चुकलं ते तिला कळेल. रोवणी संपली तरी ही सवय सुटली नाही.

मशीनने हे सगळं इमानेइतबारे टिपलं. फोनसमोर चौघी आहेत हे त्याला कोण सांगणार? तिला आधी आठवीचे धडे येऊ लागले, मग सहावीचे. निवड जाहीर झाली, त्यात ती नव्हती.

हेल्पलाइनवरचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "मॅम, सिस्टीम स्वतःच शिकत असते, आम्हाला त्यात हात घालता येत नाही." मी तडक गोंदिया गाठलं. निवडीचं काम पाहणारे तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, आप बोल रहे हो होशियार है, डेटा बोल रहा है कमजोर है. मैं किसकी मानूं?"

"एका फोनवर चौघी शिकतात. तिला बोलवा. समोर बसवून गणित घाला," मी म्हणाले.

"ऐसा ऑप्शन नहीं है."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण ओरडणार कोणावर? त्यांच्याही हातात काही नव्हतं, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. परतताना बसमध्ये मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "तुमी सांगतलं तरी नाही मानलं? काऊन जी मॅडम?"

 मागे उभ्या असलेल्या तिच्या तिघी मैत्रिणींनी याचं उत्तर आपलं आपण काढलं: दाबलेल्या चुका त्यांच्या होत्या. तेव्हापासून त्या पाळीवर आल्या नाहीत. तिने बोलावलं तर सगळ्यात हळू होती ती म्हणाली, "तू एकटीच पाह्य. आमच्यापायी तुह्यं वाटोळं झालं."

मग ती एकटीच बसू लागली. धडा एकदा पाहायचा, उत्तर दाबायचं, पुढे जायचं. थोड्याच दिवसांत अ‍ॅपने तिला शाबासकी पाठवली, "तुमची प्रगती उत्तम आहे. अशाच शिकत राहा." तिने फोन माझ्यापुढे धरला, आणि तिच्या डोळ्यांत पाहायची माझी हिंमत झाली नाही.